भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला तर भाडं वाढवावं का? किती, कधी आणि कसं

वाकडच्या आमच्या फ्लॅटच्या दाराबाहेर चपलांचे सात जोड होते. करार एका मुलाशी, सोबत त्याचा एक मित्र राहणार, असं करारात आणि पोलिसांकडच्या नोंदणीतही लिहिलेलं. स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून मी प्लंबरला घेऊन गेले होते. आत हॉलमध्ये तीन गाद्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या, बेसिनवर पाण्याच्या कापलेल्या बाटलीत पाच टूथब्रश. मुलगा घाईघाईने पुढे आला. "काकू, मी तुम्हाला फोन करणारच होतो." मित्राची बंगळुरूला बदली झाली, २८,००० रुपये एकट्याला झेपेनात, म्हणून कंपनीतले दोघं आणि गावाकडचे दोघं घरात घेतले होते. प्रत्येकाकडून ६,५०० रुपये.

घरी आल्यावर नवऱ्याचं म्हणणं, पाच हजार वाढव. शेजारच्या फ्लॅटचे मालक म्हणाले, उद्याच्या उद्या बाहेर काढा. मी वही घेऊन बसले आणि हिशेब मांडला. त्या हिशेबातून आणि त्याआधी एकदा पोळलेल्या हातातून जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण पुण्या-मुंबईत घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते आणि बहुतेक जण रागाच्या भरात एखादा आकडा फेकून मोकळे होतात.

माझं मत आधीच सांगते. भाडेकरूला कोणाकडून तरी पैसे मिळतात, एवढ्या कारणासाठी भाडं वाढवू नये. माणसं वाढल्यामुळे घराची झीज, पाणी आणि आपली जोखीम वाढली असेल तर तेवढं जरूर घ्यावं. घराचा चक्क धंदा होत असेल तर वेगळा करार करावा, नाहीतर नाही म्हणावं. आणि कागद बदलल्याशिवाय जादा एक रुपयाही घेऊ नये.

आधी बघा, तो नक्की कोण आहे

घरात दिसलेला प्रत्येक नवा माणूस पोटभाडेकरू नसतो. भाडेकरूची आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने राहायला आली, तर ती त्याच्या कुटुंबातली आहे. तिच्यासाठी भाडं मागणं मला माणुसकीला धरून वाटत नाही. परीक्षेसाठी आलेला चुलतभाऊ पंधरा दिवस राहिला, तो पाहुणा. लग्न झालं आणि बायको आली, तर करारात तिचं नाव घालायचं, बस.

दुसरा प्रकार भाडं वाटून घेणाऱ्यांचा. मूळ भाडेकरू घरात राहतोय, सोबत दोन-तीन जण आहेत, सगळे मिळून भाडं भरतात. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणायचं यावर वकील वाद घालू शकतात, कारण पोटभाडं सिद्ध करायला साधारणपणे दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: त्या तिसऱ्या माणसाकडे जागेचा किंवा तिच्या एखाद्या भागाचा स्वतंत्र ताबा आहे, आणि त्या बदल्यात तो पैसे देतो. हॉलमध्ये गादी टाकून झोपणाऱ्याकडे स्वतंत्र ताबा आहे का, हा प्रश्नच असतो. खोलीला स्वतःचं कुलूप लावणाऱ्याची गोष्ट वेगळी.

तिसरा प्रकार म्हणजे खरा पोटभाडेकरू. मूळ भाडेकरू सहा महिन्यांसाठी परदेशी प्रोजेक्टवर गेला आणि अख्खं घर मित्राच्या मित्राला देऊन गेला. आणि चौथा प्रकार, जो पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात स्पर्धा परीक्षेच्या मुलांमुळे आणि हिंजवडी-वाकडकडे आयटीतल्या मुलांमुळे फोफावला आहे: कॉट बेसिस. एक जण फ्लॅट भाड्याने घेतो, खोल्यांमधून सहा-आठ कॉट टाकतो आणि प्रत्येक कॉटचे पैसे घेतो. तो स्वतः तिथे राहतोच असं नाही.

हे चार प्रकार वेगळे ओळखता आले की निम्मा प्रश्न सुटतो. पहिल्यात वाढ नाही. दुसऱ्यात खर्चापुरती. तिसऱ्यात वाढीचा विषयच नाही, करार बदलण्याचा आहे. चौथ्यात वाटाघाट किंवा नकार.

मग करार काढा आणि वाचा

महाराष्ट्रात आज बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सवर दिली जातात. आपण तोंडाने "भाडेकरू" म्हणतो, पण कागदावर तो परवानाधारक असतो. हा फरक इथे फार महत्त्वाचा आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२च्या कायद्याप्रमाणे खऱ्या भाडेपट्ट्यात, करारात उलट काही लिहिलेलं नसेल, तर भाडेकरूला पोटभाड्याने देण्याची मुभा असते. परवान्याचं तसं नाही. परवाना त्या माणसाला वैयक्तिक दिलेला असतो आणि साधारणपणे तो दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे तुमच्या करारात पोटभाड्याबद्दल एक ओळही नसली तरी परवानाधारकाला आपणहून घर दुसऱ्याला द्यायचा अधिकार नाही. तरीही ती ओळ असावी, कारण वाद झाला की समोर ठेवायला छापील ओळच लागते.

जुन्या, नियंत्रित भाड्याच्या घरांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागतो. त्याच्या कलम २६ प्रमाणे करारात परवानगी नसेल तर भाडेकरूला जागा पोटभाड्याने किंवा लायसन्सवर देता येत नाही, आणि कलम १६ प्रमाणे बेकायदा पोटभाडं हे घर खाली करून घ्यायचं एक कारण ठरतं. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधीच्या १९४७च्या मुंबईच्या कायद्यातल्या १ फेब्रुवारी १९७३ या तारखेचा उल्लेख जुन्या चाळींच्या दाव्यांमध्ये सारखा येतो, कारण त्या तारखेला जे लोक लायसन्सवर राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा मिळाला. "आज लायसन्सवर ठेवलेला माणूस उद्या मालक होईल" ही आपल्या आजी-आजोबांच्या मनातली भीती तिथून आली आहे. आजच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्समध्ये ती भीती बाळगायचं कारण नाही. कागद मात्र हवा.

तर करारात या गोष्टी शोधा: राहणाऱ्यांची नावं आणि संख्या, पोटभाड्याची बंदी किंवा परवानगी, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट किती, वापर फक्त राहण्यासाठी असं लिहिलंय का. करार नोंदवलेलाच नसेल तर आधी तेवढं करा. याच १९९९च्या कायद्याची काही कलमं लिव्ह अँड लायसन्सलाही लागतात; त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोटभाडेकरूबद्दल तक्रार करायला निघालेल्या मालकाचाच करार शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला असतो, हे मी आमच्या सोसायटीतच दोनदा पाहिलं आहे.

माझी चूक, जी तुम्ही करू नका

सासूबाईंचा कोथरूडचा वन बीएचके मी बघत होते तेव्हाची गोष्ट. भाडेकरूने सांगितलं, एक मित्र सोबत राहील, दोन हजार जास्त देतो. मी हो म्हटलं. कागद केला नाही. तो मित्र दर महिन्याला ते दोन हजार थेट माझ्या खात्यावर मोबाईलवरून पाठवायचा, शेरा लिहायचा "रेंट". मला सोयीचं वाटलं. आठ महिन्यांनी मूळ भाडेकरू लग्न ठरल्यावर घर सोडून गेला. मित्र राहिला. मी म्हटलं, करार संपला, घर खाली कर. त्याने मोबाईल पुढे केला: आठ महिन्यांचे व्यवहार, प्रत्येकावर "रेंट". "मी तुमचाच भाडेकरू आहे मॅडम, तुम्ही माझ्याकडून भाडं घेतलंय."

त्याच्याशी माझा करार नव्हता, त्यामुळे लिव्ह अँड लायसन्ससाठी असलेला सोपा रस्ताच बंद झाला. त्या रस्त्याबद्दल इथेच सांगते. लायसन्सची मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल तर त्याच १९९९च्या कायद्याच्या कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, दिवाणी कोर्टाच्या लांबलचक वाटेने जावं लागत नाही. तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाडं भरपाई म्हणून मागता येतं. पण हे सगळं ज्याच्याशी लेखी करार आहे त्याच्याबाबतीत. माझ्याकडे त्या मुलाच्या नावाचा कागदच नव्हता. सात महिने गेले, वकिलाची फी गेली आणि शेवटी त्याच्या वडिलांशी बोलून, डिपॉझिटइतकी रक्कम त्याच्या हातावर ठेवून घर मोकळं केलं.

म्हणून "थोडं जास्त दे आणि राहा" हे वाक्य कधीही म्हणू नका. जादा भाडं मुकाट्याने घेणं म्हणजे पोटभाड्याला मूक संमती देणं. नंतर तुम्ही "मला माहीतच नव्हतं" म्हणू शकत नाही.

बोलणं

हिशेबाआधी बोला. व्हॉट्सॲपवर धमकी टाकू नका, समोर बसा. मी त्या मुलाला तीन प्रश्न विचारले: कोण कोण राहतं, प्रत्येक जण किती देतो आणि त्यात काय काय धरलंय, आणि हे किती दिवस चालणार. त्याने मोबाईलमधली यादी दाखवली. चौघांचे मिळून २६,००० येत होते. वरवर पाहिलं तर तो स्वतः जेमतेम दोन हजारांत राहत होता, आणि हे ऐकूनच आमच्या घरी सगळे चिडले होते. पण ६,५०० मध्ये वीज, इंटरनेट आणि केर-लादीच्या मावशींचा पगार धरलेला होता, महिन्याला साधारण साडेतीन हजार. भाडं आणि हा खर्च मिळून ३१,५००. पाच जणांत विभागले तर माणशी ६,३००. म्हणजे तो बाकीच्यांकडून दोनशे-दोनशे रुपये जास्त घेत होता आणि त्या बदल्यात डिपॉझिट एकट्याने भरलेलं, बिलं तोच भरणार, कोणी मध्येच गेलं तर भुर्दंड त्याचा. यात नफा कुठे आहे?

हे कळल्यावर माझा राग गेला. तक्रार राहिली ती एवढीच की त्याने मला सांगितलं नाही, आणि दोन बाथरूमच्या घरात पाच मोठी माणसं जास्त होतात.

हिशेब: माणशी किती

आता आकड्यांकडे येऊ. घर दोघांसाठी दिलं होतं. जास्तीत जास्त चार जण, हे मी ठरवलं. म्हणजे दोन माणसं वाढली. वाढीव खर्च असा धरला.

रंग: टू बीएचकेला रंगाचा खर्च ३६,००० धरला तर तीन वर्षांनी एकदा म्हणजे महिन्याला १,००० रुपये. चार जण राहिले की दोन वर्षांनी रंग काढावा लागतो, म्हणजे महिन्याला १,५००. वाढ ५००.

नळ, फ्लश, गिझर, दाराची कुलपं, किचनचे ट्रॉली-चॅनेल: अनुभवावरून महिन्याला ५०० जास्त.

पाणी: आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात आणि त्या महिन्यांत माणशी वर्गणी पडते. वर्षाची सरासरी काढून दोघांचे ६००.

उरलेले ९०० माझ्या फेऱ्यांचे, चौघांच्या कागदपत्रांचे आणि एखादा मध्येच सोडून गेला तर होणाऱ्या धावपळीचे. हा आकडा अंदाजाचा आहे, हे मी मुलांना उघड सांगितलं.

एकूण २,५००. म्हणजे २८,००० चे ३०,५००, माणशी वाढ १,२५०. मुलांसमोर वही ठेवली तेव्हा एकानेही घासाघीस केली नाही. आकडा कुठून आला हे दिसलं की माणसं भांडत नाहीत. "मार्केट रेट आहे" म्हटलं की भांडतात.

तुमच्या घरात हे आकडे वेगळे येतील. जुन्या वाड्यातल्या खोलीत पाण्याची वर्गणी नसेल, उंच इमारतीत लिफ्ट आणि पार्किंगचा भाग येईल. दुसरी दुचाकी आली तर पार्किंग वेगळं धरा, भाड्यात मिसळू नका. पद्धत एकच: वाढलेल्या खर्चाचं नाव सांगता आलं पाहिजे.

कॉट बेसिसचा हिशेब निराळा. समजा त्याच घरात आठ कॉट, प्रत्येकी ६,५००, म्हणजे ५२,०००. भाडं २८,००० वजा केलं की २४,००० उरतात. कॉट-गाद्या, वीज, इंटरनेट, साफसफाई यांचे ९,००० गेले तरी १५,००० हातात. हा व्यवसाय आहे आणि तुमच्या भिंतींवर चाललेला आहे. अशा वेळी आधी स्वतःला विचारा की मला हे चालणार आहे का, सोसायटी चालू देईल का. करारात "फक्त कुटुंबाच्या राहण्यासाठी" असेल तर थेट नाही म्हणा. चालणार असेल तर झिजेचा खर्च वेगळा घ्या आणि शिल्लक नफ्याचा साधारण तिसरा हिस्सा भाड्यात धरा. या उदाहरणात पाच हजार. निम्मा का नाही? कारण मे महिन्यात परीक्षा संपून चार कॉट रिकाम्या पडल्या तर तोटा तो सोसतो, तुम्हाला ठरलेलं भाडं मिळतंच. टक्केवारीचा करार करू नका, ठरीव रक्कम ठेवा. टक्केवारी ठेवली की दर महिन्याला त्याच्या वह्या तपासत बसावं लागतं.

घर ॲपवर टाकून पाहुण्यांना दिवसावर देणारे भाडेकरूही आता असतात. इथे मी भाडेवाढीची चर्चाच करणार नाही. रोज नवा माणूस, रोज नवी किल्ली, आणि काही झालं तर पोलीस मालकाला विचारणार. गोव्यात तर पर्यटकांना असं घर द्यायचं म्हणजे १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, आणि ती भाडेकरूच्या परस्पर कारभारात होत नाही.

कधी वाढवू नये

सोबतचा अचानक गेला, नोकरी सुटली, पगार थकला म्हणून भाडेकरूने दोन-तीन महिन्यांसाठी कोणाला तरी घेतलं, आणि माणसांची संख्या करारातल्या एवढीच राहिली, तर एक रुपयाही वाढवू नका. एक गेला, एक आला. घराला काही फरक पडलेला नाही. नाव बदला, नोंदणी करा, विषय संपवा. वेळेवर भाडं देणारा, घर स्वच्छ ठेवणारा भाडेकरू हजार-दीड हजारासाठी घालवला तर घर एक महिना रिकामं राहून २८,००० जातात आणि दलाली वेगळी.

पागडीच्या (सुरुवातीला मोठी एकरकमी रक्कम देऊन घेतलेल्या) किंवा जुन्या नियंत्रित भाड्याच्या जागेत तर मनाला येईल ती वाढ करताच येत नाही. तिथे १९९९च्या कायद्याप्रमाणे वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा आहे. जागा दुसऱ्याच्या नावावर करताना मालकाने पागडीतला हिस्सा घ्यायची प्रथा आहे आणि या कायद्याने अशी रक्कम घ्यायला मान्यताही दिली आहे. पण ते हस्तांतर झालं. "तू पोटभाडेकरू ठेवलास म्हणून महिन्याला इतके जास्त" ही मागणी तिथे टिकत नाही. संमती द्या किंवा कायद्याने जागा मागा.

जर्मनीत शिकणारी किंवा नोकरी करणारी मराठी मुलं हा प्रश्न दुसऱ्या बाजूने बघतात, कारण तिथे ती स्वतः खोली पोटभाड्याने देतात. जर्मन कायद्यात करारानंतर भाडेकरूला रास्त कारण उद्भवलं तर घराचा काही भाग दुसऱ्याला द्यायची संमती तो मालकाकडे हक्काने मागू शकतो. भाडं योग्य प्रमाणात वाढवल्याशिवाय ती संमती मालकाला परवडण्यासारखी नसेल, तरच तो वाढीची अट घालू शकतो. आपला कायदा तसा नाही, तरी ही कसोटी मला पटते: वाढ मागण्याआधी, वाढीशिवाय आपलं नेमकं काय नुकसान होतंय हे सांगता यावं.

केंद्राने २०२१मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला, त्यातही पोटभाड्यासाठी मूळ कराराला जोडून पूरक करार करावा असंच म्हटलं आहे.

कागद कसा करावा

सगळ्यात स्वच्छ मार्ग: मधला माणूस काढून टाका. जुना करार दोघांच्या संमतीने संपल्याचं लिहून घ्या आणि राहणाऱ्या सगळ्यांच्या नावाने नवा लिव्ह अँड लायसन्स करा. चौघंही परवानाधारक. भाड्याची जबाबदारी सगळ्यांची एकत्र आणि प्रत्येकाची वेगळीही, हे वाक्य मसुद्यात हवंच, म्हणजे एक पळाला तर बाकीच्यांकडून पूर्ण भाडं मागता येतं. मग पोटभाडेकरू हा प्रकारच उरत नाही.

खर्चाची भीती बाळगू नका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे: मुदतीतलं एकूण भाडं, परत न मिळणारी अनामत असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज, या सगळ्यांच्या बेरजेवर. २८,००० भाडं, एक लाख डिपॉझिट, ११ महिने: ३,०८,००० अधिक ९,१६७, म्हणजे ३,१७,१६७. त्याचे ०.२५ टक्के ७९३ रुपये. भाडं ३०,५०० केलं तर ८६२. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. एजंटचे पैसे वेगळे. सात महिने मी जे भोगलं त्यापुढे ही रक्कम काहीच नाही. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, प्रत्येकाचं आधार आणि अंगठा लागतो. गावाकडचा एक जण सुट्टीवर असेल तर तो येईपर्यंत थांबा, त्याला वगळून करार उरकू नका.

मूळ भाडेकरूलाच करार हवा असेल, उदाहरणार्थ त्याची कंपनी भाडं भरते म्हणून, तर नव्या करारात परवानगीचं कलम घाला. त्यात हे असू द्या: नाव घेऊन कोणाला परवानगी, किती जणांपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत, मूळ करार संपला की त्याच दिवशी त्या व्यक्तीचाही हक्क संपेल, ती व्यक्ती मालकाला थेट भाडं देणार नाही, आणि नवा माणूस आणायचा तर आधी लेखी संमती. त्या व्यक्तीची सहीही घ्या.

डिपॉझिटकडे लक्ष द्या. पोटभाडेकरू मूळ भाडेकरूकडे डिपॉझिट ठेवतात आणि तो निघून गेला की मालकाच्या दारात येऊन उभे राहतात. प्रत्येकाने किती दिले ते करारात लिहा आणि सगळी रक्कम तुमच्या खात्यात ठेवा. भाडं वाढलं त्या प्रमाणात डिपॉझिट वाढवायचं तर वाढवा, पण मुलांकडून एकदम तीन महिन्यांचं मागू नका.

मग पोलिसांकडे प्रत्येकाची भाडेकरू नोंदणी, ऑनलाइन होते. सोसायटीला नव्या कराराची प्रत. सोसायटीच्या भाषेत तुम्ही घर भाड्याने दिलं हेच मुळात पोटभाडं असतं, म्हणून तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, लागतो. १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशाप्रमाणे तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क २,००० असेल तर २००. माणसं दोनाची चार झाली म्हणून तो दुप्पट होत नाही. सेक्रेटरी मागत असतील तर हा आदेश दाखवा आणि तो खर्च भाडेकरूंवर टाकू नका.

कराचंही थोडं. वाढीव भाडं रोख घेऊन लपवू नका. मालकाला घरभाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. भाडेकरूने पोटभाडं मिळवलं तर तो मालक नसल्याने त्याला ती वजावट नाही. त्याचं उत्पन्न बहुधा इतर स्रोतांतलं धरलं जातं, मात्र भरलेलं भाडं तो खर्च म्हणून दाखवू शकतो. महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर गेलं तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापायचा असतो. कॉट बेसिसवाल्याला हे आधीच सांगा.

तो ऐकत नसेल तर

लेखी नोटीस द्या: अमुक तारखेला अमुक माणसं आढळली, करारातलं अमुक कलम मोडलं, इतक्या दिवसांत नवा करार करा किंवा घर सोडा. फोटो काढायचे तर दाराबाहेरचे काढा, त्यांच्या खोल्यांत शिरून नको. त्या काळात पोटभाडेकरूने तुमच्या खात्यावर पैसे पाठवले तर परत पाठवा, त्याच दिवशी. मूळ भाडेकरूकडून येणारं भाडं नेहमीच्याच रकमेइतकं घ्या. वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढून ठेवणं यांतलं काहीही करू नका. गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, आणि आई-वडिलांपासून लांब राहणाऱ्या पोरांचं सामान असं रस्त्यावर टाकणं बरोबरही नाही.

दुकानाच्या गाळ्याबद्दल थोडक्यात. मुंबईत गाळेवाले "कंडक्टिंग"चा करार दाखवतात: धंदा माझाच, हा फक्त चालवतो. कागदाचं नाव काहीही असो, गल्ल्यावर कोण बसतो, दुकानाचा परवाना आणि वीजबिल कोणाच्या नावावर, किल्ली कोणाकडे, यावरून ताबा ठरतो. गाळ्याचा नवा करार करताना चालवायला देण्याची परवानगी आणि तिचं वाढीव भाडं दोन्ही पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

आमच्या वाकडच्या मुलांपैकी पाचवा महिनाभरात जवळच दुसरीकडे गेला. चौघांचा नवा करार झाला. चार महिन्यांनी त्यातल्या एकाने नोकरी बदलली. त्याने महिनाभर आधी सांगितलं, बाकीच्यांनी त्याच्या जागी एक मुलगा शोधला, तो मला येऊन भेटला, आधार आणि ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं. नव्या मुलाचा हिस्सा माझ्या खात्यात आला, करार पुन्हा चौघांच्या नावाने नोंदवला, त्यानंतरच जाणाऱ्याला त्याचं डिपॉझिट परत केलं, आणि त्याच्याकडून किल्ली घेऊन पावतीवर सही घेतली. भाडं ३०,५०० च राहिलं.